हरण्या नव्हता, आबा

आबा, तुम्ही माझं झाड उपटलंत त्याला बारा वर्षं होतील आणि तुम्हाला जाऊन अकरा. आता राग नाही. माझा राग दर आठवड्याला कुणावर ना कुणावर असतोच, त्यातला तुमचा वाटा कधीच संपला. एकदा नीट सांगून टाकायचं आहे, एवढंच.

हॉवर्थिया तिचं नाव. मुठीत मावेल एवढी, जाड पानांची, आणि पानांवर पिवळे पट्टे. असे पट्टे क्वचित एखाद्या रोपाला येतात. पुण्याच्या एका संग्राहकाच्या मागे आठ महिने लागून मी ती मिळवली होती. धुळ्याचं ऊन सोसत नाही म्हणून गच्चीवर दुहेरी हिरवी जाळी, कुंडीत माती कमी आणि खडी जास्त, पंधरा दिवसांनी पाणी, तेही कडेने चमच्याने. कॉलेजात शिकवून आले की पर्स खांद्यावर तशीच ठेवून मी आधी गच्चीवर जायचे. हे तिला 'माझी सवत' म्हणायचे.

तुम्ही असोद्याहून चार दिवसांसाठी आला होतात. त्या वर्षी तुमच्या केळीवर हरण्या रोग पडला होता. पानावर पिवळे पट्टे दिसले की झाड कंदासकट उपटायचं आणि लांब नेऊन खोल गाडायचं, महिनाभर तुमचं तेच चाललं होतं. मी घरी येते तर कुंडी रिकामी, आणि तुम्ही नळाखाली हात धुताय, साबण लावून, पार कोपरापर्यंत. "हरण्या होता, बाई," तुम्ही म्हणता, "बरं झालं मी पाह्यला. नायतर बठ्ठ्या कुंड्या गेल्या असत्या." चेहऱ्यावर केवढं समाधान! आणि मी जावयासमोर ओरडले, "केळी सोडून काही कळतं का हो तुम्हाला? बसा आयुष्यभर उपटत!" तुम्ही ओले हात धोतराला पुसलेत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघून गेलात.

मग दर रविवारी फोन. "भेटलं का दुसरं?" "नाही भेटत ते." दिवाळीनंतर तुम्ही आलात ते तेलाच्या डब्यात कोरफड लावून, जळगावपासून एसटीत मांडीवर धरून. तीन नर्सऱ्या फिरला होतात म्हणे. "पट्टे नाहीत, पण बाकी तसंच दिसते. हेच का, बाई?" मी म्हटलं, "हे नाही, आबा." "चुकलं माझं," तुम्ही म्हणालात. तुमच्या तोंडून हे मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि ऐकून मला बरं वाटलं, हेही लिहून टाकते. त्या दिवशी चहा मी बाहेरच आणून दिला, तुम्हाला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही.

कारण तिथे खिडकीत ती होती. तुम्ही रागावून गेलात त्याच दुपारी मी मागच्या अंगणात पेरूखाली उकरलं. तुम्ही माती दाबून वर दगडसुद्धा ठेवला होता. या झाडांना मुळांशिवाय महिनाभर काही होत नाही. झटकली, सावलीत सुकवली, पुन्हा खडीत लावली, आणि तिने मुळं धरली. आधी रागामुळे सांगितलं नाही. मग तुमचं ते दर रविवारी विचारणं मला आवडायला लागलं. नंतर तो कोरफडीचा डबा बघितल्यावर कुठल्या तोंडाने सांगणार होते?

तिची सात पिल्लं आजवर लोकांनी मागून नेली. कोरफड अंगणभर पसरलीय, तिला कुणी विचारत नाही. हे पत्रही इथेच गच्चीवर राहील, खताच्या पिशवीशेजारी.

माघात तुम्ही गेलात. त्याच्या आदल्या रविवारीही फोनवर तेच विचारलंत, दुसरं भेटलं का. मी म्हटलं, "जाऊ द्या हो आबा, मी विसरले पण." बोलता बोलता मी खिडकीत उभी राहून तिच्या पानांवरची धूळ ब्रशने झटकत होते.