नर्सच्या स्वतःच्या नावाने

मंगळवार, १४ ऑक्टोबर. सकाळी आठला ऑफिस. अकराला एक भेट, दुपारी मीटिंग, साडेपाचला घरी. हवा अजून गरमच आहे. बायको आणि मुलगी शाळेच्या कार्यक्रमाला गेल्या आहेत.

आई, तुला जाऊन अकरा वर्षं झाली. मी पत्र लिहिणाऱ्यांतला नाही, हे तुला माहीत आहे. दुबईला आल्यावरही फोनच करायचो. पण आज ऑफिसात जे झालं ते घरात कुणाला सांगता येणार नाही, म्हणून लिहितो.

माझं काम नक्की काय, हे तुला कधी नीट सांगितलं नव्हतं. मी आरोग्य विम्याच्या कंपनीत आहे. विमा असलेल्यांनी कोणाकडे उपचार घ्यावेत याची आमची यादी असते, तिला नेटवर्क म्हणतात. यादीबाहेर गेलं की विमा चालत नाही. यादीत कोणाला घ्यावं, याचं टिपण मी करतो. आजवर डॉक्टरांचे आणि दवाखान्यांचेच अर्ज यायचे. या वेळी पहिल्यांदा एका नर्सने स्वतःच्या नावाने अर्ज केला. केरळची बाई, पन्नाशीची, इथल्या इंटरनॅशनल सिटी नावाच्या वस्तीत एका छोट्या दवाखान्यात बसते. तिने पुढचं शिक्षण घेऊन, परीक्षा देऊन पेशंट तपासायचा आणि औषध लिहून द्यायचा परवाना मिळवला आहे. तरी आमच्या कंपनीचा नियम असा, की तिने पाहिलेला पेशंट डॉक्टरच्या नावाखालीच दाखवायचा. उन्हाळ्यात तिथले डॉक्टर महिनाभर गावी गेले. डायबिटीसचे नेहमीचे पेशंट तिनेच पाहिले आणि दवाखान्याने सवयीने बिलांचे सगळे कागद डॉक्टरांच्या नावाने आमच्याकडे पाठवले. देशाबाहेर असलेला माणूस रोज पेशंट कसे तपासतो? सगळे कागद नामंजूर झाले. नामंजूर करणारा मीच होतो. आता दवाखान्याच्या मालकाने तिला सांगितलंय, महिनाअखेरपर्यंत यादीत नाव आलं नाही तर तुझी तपासणीची खोली बंद.

आज अकरा वाजता ती आली होती. माझ्यासमोर बसून हिंदीत म्हणाली, "सर, पेशंट मेरा, दवाई मैंने लिखी, गलती हुई तो लाइसेंस भी मेरा जाएगा. सिर्फ नाम डॉक्टर साब का. वो खुद बोलते हैं, सिस्टर, मेरे को छुट्टी में तो छुट्टी दे दो."

मला हसू आलं, आणि गावच्या आरोग्य उपकेंद्रातलं तुझं नर्सचं रजिस्टर आठवलं. डॉक्टर गुरुवारी जीपने यायचे, चहा घ्यायचे आणि आठवड्याच्या सगळ्या पानांवर एका बैठकीत सह्या करायचे. मी सातवीत असताना जिल्ह्याचे साहेब तपासणीला आले होते. दोनच दिवसांपूर्वी तू एका अडलेल्या बाईला आणि तिच्या बाळाला वाचवलं होतंस. साहेब डॉक्टरांना शाबासकी देतात, डॉक्टर मान डोलावतात, आणि मी दारातून म्हणतो, "ते आईनं केलं." तू मला दंडाला धरून मागच्या स्वयंपाकघरात नेतेस. "लई शहाणा झालास? उद्या काही बिघडलं तर हेच डॉक्टर माझ्या पाठीशी राहायचेत. गप बसायला शिक." मी शिकलो. ऑफिसात लोक मला शांत स्वभावाचा म्हणतात.

दुपारच्या मीटिंगमध्ये आमचे साहेब होते. लेबनॉनचे आहेत, माणूस वाईट नाही. माझं टिपण वाचून म्हणाले, "हबीबी, हिच्या हातून चूक झाली तर लोक आपल्याकडे बोट दाखवतील. राहू दे डॉक्टरच्या नावाखाली. खलास."

मी म्हणालो, "परवाना तिचा आहे. चूक झाली तर जबाबदारीही तिचीच."

"ते कागदावर. तू मला सांग, तुझ्या आईला पाठवशील हिच्याकडे? डॉक्टरला न दाखवता?"

तू नर्स होतीस हे त्यांना माहीत नाही. तू नाहीस हेही माहीत नाही. मी गप्प बसलो. त्यांना वाटलं मला पटलं. उद्या सकाळपर्यंत टिपण बदलून दे म्हणाले.

मी का बोललो नाही, ते तुला एकटीलाच कळेल. अकरा वर्षांपूर्वी त्या दिवशी तू फोनवर म्हणाली होतीस, "पित्ताचं नाही रे हे. एवढी माणसं बघितली मी, मला कळतंय. त्यांना ईसीजी काढायला सांग." तालुक्याच्या डॉक्टरांनी पित्त म्हणून गोळ्या दिल्या होत्या. मी इथे पार्किंगमध्ये उभा होतो, घाईत होतो. म्हणालो, "आई, डॉक्टर सांगतात ते ऐक. तू नर्स आहेस, डॉक्टर नाहीस." तू "बरं" म्हणालीस. रागावली असतीस तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या काकूंचा फोन आला.

टिपण मी बदललं नाही. अर्जदाराला स्वतःच्या नावाने घ्यावं, हेच वाक्य ठेवून मघाशी पाठवून दिलं. साहेब त्यांचं मत जोडून वर कमिटीकडे धाडतील आणि बहुधा तिथे नाहीच होईल. मग तिची खोली बंद होईल, आणि तिचे पेशंट दूरच्या कुठल्या तरी दवाखान्यात रांग लावतील. ते तिला फोन करून सांगायचं कामही माझ्याकडेच येईल. मी फार मोठं काही केलं असं मला वाटत नाही. थकवा तेवढा आलाय.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं असतं की नाही सांगता येत नाही. तुझ्या दिवसकार्याला मी सगळ्यांना सांगितलं होतं, की आईला काही त्रास जाणवलाच नाही, अचानक गेली. बायकोला अजून तेच माहीत आहे.

बाल्कनीतले कपडे वाळून कडक झालेत. ते काढून आणतो आणि घड्या घालून ठेवतो.