ज्याचा त्याचा डेटा

४ मार्च, सकाळ
निर्णय झाला. आजपासून कुणाला काही फुकट द्यायचं नाही. माझे टोमॅटो, माझे फोटो, माझी मतं, सगळं माझं.
कारण असं. काल बायकोशी, रोझविथाशी, नुसतं बोललो की गुडघा दुखतोय. आज फोन उघडला तर गुडघ्याच्या पट्ट्याची जाहिरात! बायको म्हणते, "संध्याकाळभर तूच तर गुडघेदुखीवरचे उपाय शोधत बसला होतास." बसलो असेन. पण मुद्दा तो नाही. माणसं इतकी भोळी कशी राहतात, हा मुद्दा आहे. दातांच्या दवाखान्यात एवढी वर्षं काढलेली बाई, तिला तरी कळायला हवं की समोरचा हसला म्हणजे काहीतरी उपटणार.

६ मार्च
विचार पक्का. आपल्या बागवसाहतीचा, म्हणजे भाड्याने घेतलेल्या आमच्या छोट्या बागांच्या मंडळाचा, स्वतःचा सर्व्हर काढायचा. सध्या सगळा गोतावळा एका अवाढव्य कंपनीच्या ग्रुपवर आहे. कुणाची काकडी किती वाढली, कुणाच्या कुंपणाची फळी निखळली, सगळं त्या कंपनीच्या घशात. तिचं नाव मी इथेसुद्धा लिहीत नाही. वहीला कान नसतात, पण सवय बरी.
माझं आयुष्य लाइपझिगच्या भूमापन खात्यात गेलं. हद्द म्हणजे काय, हे मला, वीलांत क्रानर्टला, कुणी शिकवू नये.

१२ मार्च
वसाहतीची वार्षिक सभा. भाषण उत्तम झालं. हल्ली 'खुलं जाळं' निघालंय, हे समजावलं. एक कंपनी मालक नाही. हजारो छोटे सर्व्हर, प्रत्येकाचा मालक वेगळा, तरी सगळे एकमेकांशी बोलतात. नियम मीच लिहून नेले होते: लिहिलेलं लिहिणाऱ्याच्या मालकीचं, ज्याला जायचं त्याने आपले फॉलोअर घेऊन खुशाल दुसऱ्या सर्व्हरवर जावं, आणि सर्व्हर सांभाळणारा कुणाचं खासगी वाचणार नाही. सांभाळणारा अर्थात मी.
मग हुकमाचं पान टाकलं. म्हणालो, पाळत म्हणजे काय ते आपल्या ओर्टरूनला विचारा! ओर्टरून हाउफे आमची अध्यक्ष. बर्लिनची भिंत पडायच्या आधी पूर्व जर्मनीच्या सरकारने तिच्यावर फाइल उघडली होती, तिची पत्रं उघडली जायची, हे वसाहतीत सगळ्यांना ठाऊक आहे. ती म्हणाली, "मला विचारू नकोस, वीलांत. मतदान घे."
मला वाटतं, भरून आलं असावं तिला.
ठराव मंजूर. समोरच्या बागेतला तो नवा, सायकली दुरुस्त करणारा एनो बिर्किग्ट, एवढंच म्हणाला, "क्रानर्टसाहेब, बॅकअप ठेवाल ना?" अशा सुरात, जणू मी काल जन्मलो.

२ एप्रिल
सर्व्हर तळघरात बसवला. खात्यातून मोडीत काढलेला कॉम्प्युटर, पण दणकट. एका बाजूला मुरंब्याच्या बरण्या, दुसऱ्या बाजूला वॉशिंग मशीन. हा माझा डेटा, माझ्या घरात, माझ्या मुरंब्याशेजारी. छाती भरून आली.

३ एप्रिल
रोझविथाने चादरी धुवायला टाकल्या. फ्यूज उडाला. खुल्या जाळ्यावरून आम्ही दुपारभर गायब. तिला समजावलं की धुणं आता वेळापत्रकानेच. ती म्हणाली, त्या कंपनीने निदान माझ्या चादरींत कधी नाक खुपसलं नव्हतं.
दुर्लक्ष केलं.

१९ एप्रिल
सगळे आले! ओर्टरूनने तिच्या करंटच्या, त्या आंबट लाल फळांच्या, झुडपाचा फोटो टाकला. नॉर्वेतल्या कुणा माणसाला तो आवडला. त्याने छाटणी कशी करावी ते लिहिलं, तिने आभार मानले, त्याने आपल्या झुडपाचा फोटो पाठवला.
कोण हा नॉर्वेकर? त्याचं मागचं सगळं लिखाण चाळलं. फक्त करंट. बायकोबद्दल नाही, राजकारणाबद्दल नाही, नुसते करंट. एवढा निर्मळ माणूस खरा असूच शकत नाही.
ब्लॉक केला.

११ मे
घात! ती अवाढव्य कंपनी खुल्या जाळ्याला जोडून घेतेय. एनो हरखलाय. म्हणतो, आता तिकडची माणसं आपल्याला दिसतील, हेच तर खुलेपण. पोरकट विचार. कोल्हा कोंबड्यांच्या खुराड्याला शिडी लावतोय आणि हा म्हणतो, बघा, किती मनमोकळा कोल्हा.
जेवणाआधीच त्या कंपनीचं दार बंद केलं. कुणाला विचारलं नाही. युद्धात कुणी मतदान घेत नाही.

१४ मे
ओर्टरून फाटकाशी आली. तिची नात थेक्ला कॅनडात, त्याच कंपनीवर आहे. तिला मुलगी झाली. फोटो येणार होते, आले नाहीत. मी समजावलं की हे तुझ्याच स्वातंत्र्यासाठी आहे.
ती म्हणाली, "म्हणजे माझ्या स्वातंत्र्यापायी मला माझी पणती दिसायची नाही?"
म्हटलं, तूर्तास.
रोझविथाने स्वतःच्या जुन्या फोनवर तिला ते फोटो दाखवले, म्हणजे रोझविथा अजून तिकडे आहे! माझ्या घरात फितुरी. बाळ गोरंगोमटं आहे म्हणे. मी पाहिलं नाही. तत्त्व.

८ जून
नवी भानगड. यंत्रं आता सगळ्यांचं लिखाण वाचून शहाणी होतात. आपण लिहायचं, त्यांनी शिकायचं, आणि उद्या आपल्यालाच विकायचं. उपाय सुचला, आणि तो इतका सोपा आहे की आजवर कुणाला कसा सुचला नाही याचं नवल वाटतं: लिखाणात मुद्दाम चुका पेरायच्या. यंत्र चुकीचं शिकेल आणि तोंडघशी पडेल.
सगळ्यांना सूचना पाठवली. कुणी मनावर घेतलं नाही. तेव्हा सुरुवात मीच केली. रोझविथाने टाकलेल्या रुबार्बच्या आंबट देठांच्या केकच्या कृतीत, सर्व्हरमधूनच, तिला न सांगता, साखर काढून तेवढंच मीठ घातलं.

२२ जून
वसाहतीचा उन्हाळी मेळा. एनोने केक भाजून आणला होता. कृती रोझविथाची, असं त्याने अभिमानाने सांगितलं. पहिला घास ओर्टरूनने घेतला.
पुढचं लिहीत नाही. एवढंच, की माझा उपाय चालतो हे सिद्ध झालं. यंत्राच्या जागी एनो होता, इतकाच फरक.
घरी आल्यावर रोझविथाने दार लावलं. मग म्हणाली, "माझ्या नावावर? माझ्या केकमध्ये?" मी म्हणालो, शत्रूला चकवायचं होतं. ती म्हणाली, "कुठला शत्रू? अख्ख्या जगात तो केक फक्त एनोने केला."
बायकांना दूरचं दिसत नाही.

१७ जुलै
सर्व्हरवर चिडीचूप. कुणी काकडी टाकत नाही. पण आकडे वेगळंच सांगतात. उघडं बोलणं बंद, खासगी निरोप मात्र वाढलेत.
काहीतरी शिजतंय.

१९ जुलै, दुपार
नियम मीच लिहिलाय की सांभाळणाऱ्याने वाचायचं नाही. पण सुरक्षा पाहणं हेही सांभाळणाऱ्याचंच काम. पाहणं वेगळं, वाचणं वेगळं. मी फक्त पाहिलं. पाहताना अक्षरं दिसतात, त्याला माझा इलाज नाही.
कट आहे. ओर्टरून, एनो, आणि अर्धी वसाहत. खेमनिट्झ शहरात बागकाम करणाऱ्यांची एक सहकारी संस्था सर्व्हर चालवते, तिकडे जायचं घाटतंय. सगळं ठरलंय, फक्त एक प्रश्न उरलाय. ओर्टरूनने एनोला लिहिलंय: 'वीलांतला सांगायचं कसं? त्याचा जीव आहे त्यात. माणूस वाईट नाही. निवृत्त झाल्यापासून त्याला कुणी विचारत नाही, एवढंच.'
कुणी विचारत नाही? मला?

२० जुलै
दिवसभर डोक्यात तेच. परवाच पाववाल्या बाईने विचारलं होतं, आज रायचा पाव घेणार की गव्हाचा.
संकल्प: सभेत धीरगंभीर राहायचं. काहीच माहीत नसल्यासारखं. मी खात्यात जमिनीच्या भांडणांत बसलेला माणूस आहे, चेहरा कसा ठेवायचा ते मला येतं.

१० ऑगस्ट
सभा.
क्लबघराबाहेर सॉसेज भाजत होते. एनो उभा राहिला, घसा खाकरला, क्रानर्टसाहेबांनी फार मेहनत घेतली वगैरे म्हणाला. मग ओर्टरूनकडे वळला. ती उठत होती. अजून तोंडही उघडलं नव्हतं तिने.
आणि मी म्हणालो, "मला कुणी विचारत नाही, हे ओर्टरूनने सांगू नये! मला पुष्कळ लोक विचारतात!"
सगळे थांबले. सॉसेज भाजणारासुद्धा.
ओर्टरून म्हणाली, "मी असं काही म्हटलं नाही, वीलांत."
मी म्हणालो, "म्हटलं नाहीस, लिहिलंस."
तेव्हा कळलं. म्हणजे मला नाही, त्यांना. चेहऱ्यांवरून दिसत गेलं, एकामागून एक. प्रत्येकजण मनातल्या मनात आपण काय काय लिहिलं ते आठवत होता. मी लगेच सावरलं, अनुभवी माणूस अंदाज बांधतो, वगैरे. रोझविथा खाली मान घालून बसली होती.
ओर्टरूनने स्वेटर खांद्यावर टाकला. आवाज चढवला नाही. म्हणाली, "मागच्या वेळी माझं वाचणाऱ्याला निदान पगार तरी मिळायचा."
आणि गेली.
सॉसेजना कुणी हात लावला नाही.

११ ऑगस्ट
लोक फार हळवे झालेत. तुलनाच चूक आहे. तिकडे अख्खं खातं होतं, कुलपं होती, माणसं होती. इथे एकटा मी आणि मुरंबा.
शिवाय मी तिच्या विरोधात काही केलं नाही. वाचलं तेही तिच्याच भल्यासाठी. म्हणजे पाहिलं.

१३ ऑगस्ट
रोझविथा म्हणाली, "तिच्याकडे जा." दोनदाच म्हणाली, पण दुसऱ्यांदा माझी टोपी हातात देऊन.
गेलो. ओर्टरून वेलाला सुतळी बांधत होती. मी सांगितलं की पासवर्ड आणखी कडक केलाय, आता कुणालाही तिचं काही वाचता येणार नाही.
ती म्हणाली, "तुला?"
मी म्हणालो, मी तर सांभाळणारा.
ती बराच वेळ सुतळीची गाठ मारत राहिली. मग म्हणाली, "त्या वेळी माझं कोण वाचायचं, ते मला भिंत पडल्यावर माझी फाइल पाहायला मिळाली तेव्हा कळलं. गायनमंडळात जी माझ्या शेजारी उभी राहायची, तीच. वर्षानुवर्षं तिच्या सुरात सूर लावला मी. नंतर रस्त्यात भेटली तर तीही म्हणाली, तुझ्या भल्यासाठीच."
मला वाटलं, आता पुढचं बोलेल. दुसरं काही बोलायचं आणायला हवं होतं मी, हे तेव्हा जाणवलं. करंटबद्दल तरी. तोंडून आलं, "बॅकअपसुद्धा आहे."
"वीलांत," ती म्हणाली, "फाटक लावून घे. बाहेरून."

२१ ऑगस्ट
एकेकजण चालला. खुल्या जाळ्यात हे फारच सोपं करून ठेवलंय. दोन बटणं दाबायची आणि आपली माणसं घेऊन दुसरीकडे. निदान थोडी अडचण ठेवायला हवी होती. कंपन्यांना या बाबतीत अक्कल आहे, हे मान्य करायला हवं.
वाटलं तर परत येतील. खेमनिट्झ म्हणजे काय स्वर्ग नाही.

३० ऑगस्ट
एनो दारात. आत आला नाही. म्हणाला, "क्रानर्टसाहेब, ओर्टरूनचं तुमच्याकडे जे उरलंय ते पुसून टाका. सगळं. तिची तशी मागणी आहे, आणि कायद्यानेही ते तिचंच आहे."
मी म्हणालो, वसाहतीच्या इतिहासासाठी एक प्रत ठेवणं योग्य ठरेल.
तो माझ्याकडे पाहत राहिला. चिडला असता तर मी उत्तर दिलं असतं. हा तर कीव केल्यासारखा पाहत होता. "तिला सांगू का हे?" म्हणाला.
पुसलं. तळघरात, रोझविथा मागे उभी असताना. ती चादरी घेऊन आली होती, योगायोगाने. पुसण्याचा निर्णय अर्थात माझा. बटण दाबल्यावर तिने विचारलं, प्रतही? प्रतही पुसली.
मग तिने वॉशिंग मशीन लावलं. वेळापत्रकात नसताना. मी चालू दिलं. फ्यूजही उडाला नाही, सर्व्हरवर आता तेवढं काम उरलेलं नाही.

१५ सप्टेंबर
सकारात्मक बाजू. सर्व्हर कधी नव्हे इतका वेगवान. सुरक्षा शंभर टक्के. चोरण्यासारखं काहीच नाही.
आज माझ्या भोपळ्याचा फोटो टाकला. छान आलाय भोपळा. अजून कुणी पाहिलेला नाही.

२४ सप्टेंबर, सकाळ
सभासदांची यादी उघडली. यादी म्हणवत नाही तिला. मी एकटाच.
रोझविथाही गेली! न्याहारीला विचारलं, कधी? म्हणाली, ऑगस्टमध्ये, सभेच्या दुसऱ्या दिवशी. म्हटलं, मग मला सांगितलं का नाहीस?
ती पावाला लोणी लावत होती. म्हणाली, "मला वाटलं, वाचलं असशील."

२४ सप्टेंबर, दुपार
विचार केला. मोठ्या मनाच्या माणसाने पहिलं पाऊल उचलावं. खेमनिट्झच्या सर्व्हरवर रोझविथाचं खातं सापडलं. वर लिहिलंय, जे काही पाहायचं ते तिच्या परवानगीनेच. काहीच दिसत नाही, फक्त नाव, आणि तिचं हसतानाचं छोटं चित्र. ते कधीचं आहे, कुणी काढलं, माहीत नाही.
फॉलो करण्याची विनंती पाठवली.
स्वयंपाकघरात तिचा फोन वाजला. इथपर्यंत ऐकू आलं. ती आलुबुखाराच्या केकचं पीठ मळत होती, ते थांबलं. नळ सुरू झाला, हात धुतले असावेत. फोन ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला.
मग पुन्हा पीठ मळल्याचा आवाज.
पडद्यावर लिहिलंय: मंजुरीची वाट पाहत आहे.