माझा उपास, वगीदा आजींचं जेवण

बुधवार, १२ मार्च

सोमवारी इथे लिहिलं आहे — "वगीदा आजींनी डबा पुसून खाल्ला, देवाची कृपा." ते खोटं आहे. खोडत नाही, तसंच राहू दे. डबा रिकामा परत येतो एवढंच खरं. तो रिकामा करतात नगातच्या कोंबड्या.

नगात आजींच्या खालच्या मजल्यावर राहते, गच्चीवर कोंबड्या पाळते. आज जिन्यात भेटली. म्हणाली, "मास्तरीणबाई, बाकल्याच्या उसळीत जिरं जरा कमी घाला. माझ्या कोंबड्यांना सोसत नाही." मला वाटलं, थट्टा करते आहे. तिनं वर नेऊन दाखवलं. काल मी नेलेली उसळ, लिंबाच्या फोडीसकट.

ईस्टरआधीचा मोठा उपास सुरू झाल्याला आज सतरा दिवस; मांस, अंडी, दूध, तूप सगळं बंद. शाळा सुटली की मी रोज आजींकडे डबा नेते, त्यांना शुभवर्तमान वाचून दाखवते. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसांची घरं चर्चनं आम्हा मुलींमध्ये वाटून दिली, तेव्हा सगळ्यांत आधी मी हात वर केला होता. हेही लिहायला हवं — वर करण्याआधी मी इकडेतिकडे पाहिलं होतं. कोण बघतंय ते.

आजींना विचारायचं धाडस झालं नाही.

गुरुवार, १३ मार्च

विचारलं.

"आजी, माझ्या हातचं आवडत नाही का तुम्हाला?"

"आवडतं ग. तुझ्यासमोर दोन घास खाते की."

"आणि बाकीचं?"

चादरीचा काठ सारखा करत बसल्या. मग उशीखालून एक कागद काढला. "मला एवढं वाचून दाखवतेस. हे तेवढं राहिलंय बघ."

डॉक्टरांचा कागद. उपासाच्या चार दिवस आधीचा. रक्त फार कमी आहे, रोज अंडी आणि दूध, जमेल तेव्हा मांस. त्याच्याखाली आमच्या पाद्र्यांचं, अबूना सरबामून यांचं अक्षर: वगीदाला या वर्षी उपासाची सूट.

"मला सांगितलं का नाहीत?"

"पहिल्या दिवशी डबा उघडलास आणि म्हणालीस, 'निर्धास्त खा आजी, यात तुपाचा थेंबही नाही.' काय तुझा चेहरा फुलला होता! त्यावर मी काय बोलणार?"

आमच्या घरात शाळेत गेलेली पहिली मी. बाबा खाणीत दगड कापतात, सहीच्या जागी अंगठा लावतात. आई चर्चमध्ये प्रार्थनेचं पुस्तक कधीकधी उलटं धरते. मला अक्षर येतं म्हणून घरादाराला केवढा अभिमान! आणि तो कागद माझ्यापासून हातभर अंतरावर सतरा दिवस पडून होता. माझं मन मोडू नये म्हणून त्या उपाशी राहिल्या. मी रोज घरी येऊन लिहीत होते, "आज सेवा केली."

शुक्रवार, १४ मार्च

नगातकडून सहा अंडी आणली. तिचाही रमजान चालू आहे. अंडी कागदात गुंडाळताना म्हणाली, "माझा रोजा, तुझा उपास. आणि आपल्या दोघींच्या मध्ये ही म्हातारी वाळून चाललीये. सूर्य बुडाल्यावर आमच्यात जेवायला ये म्हटलं, तर म्हणते, तुमच्या पोरांच्या ताटातलं कमी होईल. आता तूच बघ काय ते."

अंडी आधी आमच्या घरी नेली, ती चूक झाली. आईनं पिशवीत डोकावून पाहिलं आणि दारातच हात आडवा धरला. "उपासात माझ्या भांड्यांना अंडं लागलेलं नाही. लग्न झाल्यापासून नाही."

मग आजींच्याच शेगडीवर उकडली. चार सोलून मिठाबरोबर ठेवली. "ठेव, खाते," म्हणाल्या. मी मोठ्या समाधानानं घरी आले.

शनिवार, १५ मार्च

चारही अंडी तशीच. वर ताटली झाकलेली.

"एकटीनं घास उतरत नाही ग मला. नवरा गेल्यापासून तसंच आहे."

"मग आता खा, मी बसते समोर."

"उपाशी पोरीसमोर अंडं खाऊ? माझ्या घरी आलेलं माणूस बघत बसणार आणि मी चावत बसणार? देवाशपथ नाही. आधी तू."

"मला चालत नाही, आजी."

"मग मलाही नाही चालत. फिट्टंफाट."

हसल्या. मला चहा करायला म्हणून उठल्या आणि दाराच्या चौकटीला धरून हळूहळू खालीच बसल्या. ओठ पांढरे. मी नगातला हाक मारली. दोघींनी उचलून पलंगावर घातलं. वजनच नव्हतं अंगात. शुद्धीवर आल्या तेव्हा पहिलं वाक्य — "चहा राहिला तुझा."

डॉक्टर येऊन गेले. म्हणाले, औषधानं काही होणार नाही, पोटात अन्न गेलं पाहिजे. असंच चाललं तर ईस्टर दिसायचं नाही त्यांना.

रविवार, १६ मार्च

आज नुसतं दूध ठेवून पळून आले. भित्री!

सोमवार, १७ मार्च

सकाळी कैरोहून नागीचा फोन. धाकटा भाऊ असून मला शिकवतो. "इस्तीर, तू वेडी आहेस. दुपारच्या शिकवण्या घे, स्वतःचं बघ जरा. इथे आमच्या इमारतीत कुणी कुणाचं नाव विचारत नाही आणि सगळे सुखात आहेत."

"तू आहेस सुखात?"

"माझं सोड," म्हणाला. पण नंतर बराच वेळ फोन ठेवला नाही. आई काय करते, बाबांचा खोकला कसा आहे, सगळं विचारत राहिला.

मी त्याला मनात स्वार्थी म्हणत आले. आज मोजून पाहिलं. माझा उपास, माझा नेम, माझी शुद्ध राहिलेली वर्षं. नऊ वर्षांची होते तेव्हापासून एकदाही मोडलेला नाही. आजारातसुद्धा नाही. आई चर्चच्या पायरीवर बायकांना हेच सांगत असते, आणि मी ऐकू येत नसल्यासारखं करते. सगळं ऐकू येतं. एक म्हातारी डोळ्यांदेखत खंगते आहे आणि माझ्या मनात पहिला विचार येतो तो माझ्या नेमाचा.

शाळा सुटल्यावर अबूनांकडे गेले. पापकबुलीसाठी रांग होती. माझी पाळी आली तेव्हा सगळं सांगून टाकलं, कोंबड्यांसकट. कोंबड्यांना ते खूप हसले. मग म्हणाले, "पोरी, तुला काय हवंय माझ्याकडून?"

"तुम्ही सांगा, खा म्हणून. मग मी खाईन."

"म्हणजे उपास मोडायचा मी, आणि तू कोरीच?"

मला रडू आलं.

"सूट देतो," ते म्हणाले. "हुकूम देत नाही. हुकूम दिला तर तू माझ्यासाठी खाशील. मला भूक नाही, वगीदाला आहे."

"आणि मनात शंका आली तर? खाताना चव लागली, आवडलं तर?"

"आवडू दे की. अंडं चांगलंच लागतं."

घरी येताना पाय हलके होते. का ते समजलं नाही. अजून काही ठरवलंही नव्हतं.

मंगळवार, १८ मार्च

आईला सांगितलं, आजींबरोबर मीही अंडं खाणार. ती मसूर निवडत होती.

"बायका विचारतील मला."

"हो."

"काय सांगू?"

"खरं ते सांग."

"सोपं आहे तुला," ती म्हणाली. मग एक खडा बाजूला टाकून, मान खालीच — "जिरेपूड घेऊन जा. नुसत्या मिठानं वगीदाला जात नाही. मी ओळखते तिला तुझ्याआधीपासून."

उद्या बुधवार. साध्या आठवड्यातसुद्धा आम्ही बुधवारी अंडं खात नाही. गुरुवारपर्यंत थांबावं, असं दिवसभर मन सांगत होतं. आजींनी अजून एक दिवस का थांबायचं?

उद्या, बुधवार, १९ मार्च. शाळा सुटली की दीड वाजता. तीन अंडी. दोन त्यांची, एक माझं. आधी मी खाणार.