पाऊण इंच बुटकं टेबल

प्रिय ठमे,

आजवर या हातांनी दारं केली दोनशे सोळा, जिने एकोणीस, शाळेची बाकं चाळीस, तुझा पाळणा, आईचं कपाट (दार कुरकुरतं असं ती म्हणते, कुरकुरत नाही) आणि तुझं अभ्यासाचं टेबल. शिकवणारं कोणी नव्हतं, लाकूड वाया घालवत शिकलो. टेबलात एकही खिळा नाही, असं तू मैत्रिणींना सांगायचीस तेव्हा मी रंधा थांबवून ऐकायचो.

पत्र पोचलं. पीएचडी सोडून घरी येतेय, टेबल विकून टाका, असं लिहिलंयस. आईने ते दोनदा वाचलं आणि तुझी खोली झाडायला घेतली. मी चारदा वाचलं. नेमकं मोडलंय काय, ते मला बघायचं होतं.

कळलं ते असं. विकणाऱ्याच्या मनात एक आकडा असतो, तेवढा मिळाला की तो वस्तू सोडतो. तो आकडा त्याने न सांगता कसा ओळखायचा, यात तुझी चार वर्षं गेली. मागे तू फोनवर विचारलंस, बाबा, ते टेबल कितीला सोडाल? कामाच्या गडबडीत मी नऊ हजार म्हणालो आणि तू शिकवतेस त्या वर्गात ते फळ्यावर मांडलंस. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, “पण मॅडम, त्यांना विकायचंच नसेल तर?” वर्ग हसला, तूही हसलीस. पंधरा दिवसांनी तुझ्या गाईड सरांनी प्रबंधाच्या एकतिसाव्या पानावर बोट ठेवून तेच विचारलं, आणि पुढची सगळी मांडणी कोसळली.

आता माझं ऐक. त्या टेबलाचा एक पाय मी पाऊण इंच आखूड कापला होता. खुणा दोन होत्या, करवत नको त्या खुणेवर चालली. मग गुपचूप उरलेले तिन्ही तेवढेच कापले. पुढे तुझे गुडघे खणाला लागू लागले, तेव्हा पोरगी उंच झाली म्हणून मीच कौतुक करत सुटलो. आईला बोलू नकोस. पण टेबल मी मोडीत नाही काढलं, आणि त्याच्यावरच तू इतकी शिकलीस. चूक सापडली की तिथून पुन्हा माप धरायचं असतं, बये. तू तर अजून एकच पाय कापलायस.

तू सांगितलंस म्हणून टेबल पुसून दुकानाच्या दारात ठेवलं होतं. जुन्या फर्निचरचा व्यापारी आला, खालून हात फिरवून सांधे बघितले आणि चार हजारांपासून चढत गेला. नऊ हजारांवर माझी मान हलायला हवी होती. मी प्रामाणिकपणे वाट पाहिली, हलली नाही. म्हणजे फळ्यावरचा आकडा मी खोटा दिला होता. तो दुरुस्त करावा म्हणून हे पत्र. आधी त्या मुलीला सांग, मग सरांना: असा माणूस असतो, त्याला धरून पुन्हा मांडते. टेबल तुझ्या खोलीत आहे, पायांना पाऊण इंचाचे तुकडे जोडलेत. सुट्टीत ये, पण लिहायला ये. व्यापारी शेवटी तेवीस हजार पाचशेवर आला. मी नाही म्हणालो.

तुझाच,
बाबा