आठ किलोंची बॅग

२ एप्रिल, सोमवार
ही गुंडीला घेऊन आठ दिवस माहेरी जायचं म्हणते. शनिवारी तिचा भाऊ गाडी घेऊन येईल. पुढच्या रविवारी मी आणायला जाणार. सामान मी भरणार, असं जाहीर केलं. सोळा वर्षं गोदामात माल बांधून घेतोय, पावणेदोन वर्षांच्या मुलीची बॅग ती काय! संकल्प: एकच बॅग, आठ किलो. भांडायचं नाही.
ही म्हणाली, भर.

३ एप्रिल
गोदामातून लटकवायचा काटा आणला. यादी फायनल. डायपर चाळीस, कपडे नऊ जोड, वाटी-चमचा, औषधं. ढकलगाडी रद्द, मूल कडेवर घेता येतं. (मागच्या प्रवासात कपड्यांचा एकच जादा जोड घेतला होता. गुंडी तीनदा ओकली आणि माझ्या बनियनमध्ये घरी आली. पण अपवादावरून नियम ठरवू नयेत.) एकूण सात किलो नऊशे. यादी फ्रिजवर लावली. हिनं वाचलीच नाही, छान म्हणाली. विश्वास टाकला म्हणायचा.

४ एप्रिल, संध्याकाळ
बॅगेत दोन लोकरीचे स्वेटर! एवढ्या उकाड्यात! तेही गुंडीला दोन मापं मोठे. मी काढले, हिनं परत घातले. लागतील, म्हणाली. आठ दिवसांत पोरगी किती वाढणार, असा विनोद केला. हसली नाही. दमली असेल.
मी हट्टी आहे का? प्रामाणिकपणे विचार केला. किंचित. एक स्वेटर मंजूर.

५ एप्रिल
लसींचं कार्ड बॅगेत. पुढची लस सप्टेंबरात आहे. बायको दूरदृष्टीची, हे मान्य करायला हवं. कार्डाचं वजन नगण्य.
येतानाची ट्रेनची तिकिटं काढू का, विचारलं. नको, बघू, म्हणाली. बरोबरच आहे. लहान मूल बरोबर असताना लवचिक राहावं.

६ एप्रिल
हिची सर्टिफिकेटांची फाइल. एक किलो दोनशे! तिथल्या एका शाळेत जाऊन यायचंय म्हणे. जुनी मैत्रीण असेल कुणी. एकूण साडेनऊ किलो. चिडलो, पण भांडलो नाही. फक्त काटा दाखवला.

७ एप्रिल, शनिवार
मेहुणा टेम्पो घेऊन आला. टेम्पो! पाळणा, टब, उंच खुर्ची, ढकलगाडी, सगळं चढलं. आठ दिवसांसाठी पाळणा? एरवी हा पठ्ठ्या, दाजी, मलाही काट्याला लटकवा, म्हणून छळतो. आज खाली बघत, दाजी, जरा बाजूला होता का, एवढंच म्हणाला.
निदान एक गोष्ट माझ्या मनासारखी झाली. बॅगेच्या तळाशी एक निळं, विटलेलं फडकं होतं. हळूच काढून घेतलं. नव्वद ग्रॅम. तत्त्व म्हणजे तत्त्व.
दारात ही म्हणाली, आम्हाला काय लागतं, हे तुला कधी विचारावंसंच वाटलं नाही. यादी मंगळवारपासून फ्रिजवर आहे, हे मी तिच्या लक्षात आणून दिलं.
गुंडीनं टाटा केला. आधी मला, मग काट्याला.
घर ऐसपैस वाटतंय. एरवी पाय ठेवायला जागा नसायची.

८ एप्रिल, दुपार
हिचा फोन. मागे गुंडीचं रडणं. निळं फडकं सापडत नाही, कालपासून झोपली नाही, म्हणाली. माझ्या जुन्या शर्टाची बाही आहे म्हणे ती. मी उशिरा येतो म्हणून हिनंच कापून दिली होती. वर्षभर गुंडी ती मुठीत धरूनच झोपते.
मला माहीत नव्हतं.
पुढच्या रविवारी येतोच आहे, घेऊन येतो, म्हटलं. ही म्हणाली, येऊ नकोस. कुरिअर कर.

९ एप्रिल
कुरिअरवाल्यानं पाकीट काट्यावर ठेवलं. नव्वद ग्रॅम, बरोबर. पाचशेपर्यंत एकच दर आहे, म्हणाला, अजून काही पाठवायचं असेल तर घाला.
चारशे दहा ग्रॅम जागा होती. खिसे चाचपले. मागची माणसं खोळंबली होती. त्या दोघींना लागेल असं माझ्याजवळचं काहीच आठवेना.
चिकटवा, म्हटलं.