मागच्या खोलीतला वाटा

जळगाव,
सोमवार, १५ डिसेंबर २०२५

चि. ज्ञानेश्वर भाऊ यांस,
दिपमाला वहिनीचा आशीर्वाद.

इकडे आम्ही दोघे ठीक. तुम्हीही ठीक असाल असं मीच धरून चालते, कारण कळवायची रीत तुमच्याकडे राहिलेली नाही. फोन केला तर रूपा उचलते, "हो वहिनी, बरं वहिनी" म्हणते आणि कुकरची शिट्टी झाली म्हणून ठेवून देते. धुळ्यात दिवसभर कुकरच लावतात का हो? तुम्ही तर फोन उचलतच नाही. म्हणून म्हटलं पत्रच लिहावं. पत्र काही मध्येच ठेवून देता येत नाही.

तर कामाचं आधी. मागच्या खोलीत तुमचं सामान पडलंय. लोखंडी पलंग, कूलर, कॅरम, आयटीआयची पुस्तकं आणि व्यायामाचे ते दोन लोखंडी डंबेल, जे तुम्ही लग्नाआधी आठ दिवस उचललेत आणि नंतर मी प्रत्येक दिवाळीला उचलते. ते सगळं येत्या शनिवारपर्यंत घेऊन जा. नाही नेलं तर भंगारवाल्याला देईन. मग म्हणू नका की वहिनीनं विचारलं नाही.

घाई का, तर आमचा हितेंद्र आणि सूनबाई मेघा नाताळच्या सुट्टीत येताहेत. तिकडे जर्मनीत दिवाळीची सुट्टी कोण देतं, जी काय मिळते ती नाताळातच. गेल्या वर्षी आले तेव्हा रेवाला आल्याआल्या शिंका, मग खोकला, मग छातीत घरघर. डॉक्टर म्हणाले, धुळीची ॲलर्जी. तिसऱ्या दिवशी पोरीला घेऊन ते हॉटेलात गेले. आजीचं घर गावात, आणि नात हॉटेलात! शेजारच्या हेमांगीनं विचारलं, "पाहुणे गेले का एवढ्यात?" मला कुठं तोंड लपवू असं झालं. भाऊ, ह्या वर्षी ती पोरगी माझ्या घरात राहिली पाहिजे. बाकी मला काही नको.

मेघानं त्यावर उपाय काढलाय. एक डिसेंबरपासून नाताळपर्यंत रोज घराचा एक कोपरा आवरायचा. आज फडताळ, उद्या दिवाण, परवा माळा. आवरून झालं की फोटो पाठवायचा. मी म्हटलं, अगं, दिवाळीला घर धुऊन काढलं, त्याआधी श्रावणात काढलं, आता हे येशूबाळाच्या नावानं तिसऱ्यांदा? तर म्हणते, "आई, तुम्ही घर धुता, पण काढत काहीच नाही." पोरगी बोलली ते खरंच होतं, म्हणून मला जास्त राग आला.

बरं, मी काढते हो. पण हे, तुमचे मोठे भाऊ नाना, काढू देतील तर ना!

पहिल्या दिवशी स्वयंपाकघर. सरबताच्या रिकाम्या बाटल्या बाहेर ठेवल्या, संध्याकाळी त्या पुन्हा आत. दुसऱ्या दिवशी जळालेला स्टार्टर. वीस वर्षांपूर्वी जळालेला! हे म्हणाले, "ऱ्हाऊ दे, लागी कधीमधी." कशाला लागणार तो? मोटार गेली, विहीर गेली, ते शेत कधीच दुसऱ्याचं झालं. लग्नांत आहेरात आलेल्या टॉवेल-टोप्यांनी एक अख्खी पेटी भरलीय. घरात डोकी दोन आणि टोप्या शंभरावर. मी म्हटलं, आश्रमात देऊन येऊ. तर म्हणे, कोणाच्या कार्यात लागतील. भंगारवाला मोतीलाल गाडी घेऊन आला तर ह्यांनी त्याच्या गाडीवरून पत्र्याची बादली उचलून परत आणली. मोतीलाल मला म्हणतो, "वहिनी, तुमच्याकडून माल न्यायचा तर साहेब गावाला गेलेले असताना बोलवा." माझ्या नाकी नऊ आलेत. मी चिडून काही बोलले की हे अहिराणीवर येतात, "बठ्ठं फेकी दे! मालेबी फेकी दे!" मी म्हटलं, बाकी सगळं मोतीलाल नेईल, पण तुम्हाला तोही घेणार नाही.

असं भांडत-भांडत घर अर्ध्याहून जास्त मोकळं झालं. राहिली मागची खोली. मेघाला रेवासाठी तीच हवी, कारण तिथं पूर्वेचं ऊन येतं. पण तिथं हात लावायचा नाही. "ते ज्ञानेश्वरचं सामान आहे." बस. पुढं बोलायचं नाही. मी म्हटलं, मग बोलवा ज्ञानेश्वरला. तर पेपर उघडून तोंडासमोर धरला. सुंभ जळाला तरी पीळ जळत नाही, ते हे.

त्या कानबाईच्या दिवसाबद्दल मी ह्या पत्रात लिहिणार नव्हते.

पण आता लिहितेच. किती दिवस सगळ्यांनी तोंडं शिवून बसायचं? श्रावणात कानबाई देवी बसते, तिच्या नैवेद्याचे गव्हाचे जाड रोट भाऊबंदांनीच खायचे, बाहेरच्या कुळाच्या माणसाला द्यायचे नाहीत आणि पौर्णिमेच्या आत संपवायचे, हा आपल्या घराचा नेम. कबूल. रूपा सुरतेत वाढलेली, तिच्या माहेरी कानबाई बसत नाही. तिचा भाऊ प्रेमराज दोंडाईच्याहून बहिणीला भेटायला आला, येताना मिरच्यांची पिशवी घेऊन आला, आणि तिनं कौतुकानं भावाच्या ताटात रोट वाढला. चुकलं तिचं. पण ह्यांनी काय केलं? सगळी भावकी जेवायला बसलेली, आणि ह्यांनी प्रेमराजच्या ताटातला रोट हातानं उचलून घेतला! पाहुण्याच्या पुढ्यातून! घास त्याच्या हातात होता हो. तो बिचारा उठला, हात धुतले, चपला घातल्या. संध्याकाळच्या एसटीनं तुम्हीही बायको-पोराला घेऊन धुळ्याला गेलात. तुमचा राग चुकीचा होता असं मी कधी म्हटलं नाही. मी ह्यांना त्याच दिवशी सांगितलं, आत्ता उठा आणि माफी मागा. तर म्हणाले, "नेम तो नेम."

त्याला तीन श्रावण झाले. कानबाई तीनदा बसली, तुम्ही एकदाही आला नाहीत. प्रेमराजचा अपमान ह्यांनी केला आणि शिक्षा मला. ओवाळायला रूपा नाही, पुरण वाटायला रूपा नाही. बाकीच्या जावा कामाला कमी, बोलायला पुढं. मला रूपा पाहिजे असते भाऊ, आणि तिला हे तोंडावर सांगायची मला लाज वाटते.

आता कालचं ऐका.

काल रविवारी हे पेन्शनरांच्या सभेला गेले. मी म्हटलं, मोतीलालचा सल्ला बरा आहे. किल्ली घेतली आणि मागची खोली उघडली. उघडल्याबरोबर कुबट वास. भिंतीवर बारीक काळे टोके चालताहेत, धान्यात होतात ते. मी कपाळाला हात लावला. खोलीत धान्य नाही, कडधान्य नाही, मग टोके आले कुठून? गेल्या वर्षी पोरीला ह्याच खोलीत झोपवलं होतं. शोधता-शोधता तुमच्या पलंगाखाली हात घातला, तर आत भिंतीला लावून ठेवलेला पत्र्याचा डबा, त्यावर कूलरचं कव्हर टाकलेलं. ओढून काढला, झाकण उघडलं आणि किडे माझ्या कोपरापर्यंत चढले.

आत टॉवेलात बांधलेली तीन गाठोडी. आहेराचेच टॉवेल. एक सोडलं. रोट होते.

तुम्हाला माहितेय, आपल्यात घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू निघतात. तुम्ही येत नाही तरी हे तुमची आणि तुमच्या लेकाची मूठ काढतात. दर वर्षी. मीच ते दळते, मीच रोट करते. मग हे म्हणायचे, "त्यांच्या वाट्याचे मी खाईन," आणि ताट घेऊन मागं जायचे. रिकामं ताट मोरीत यायचं. मला वाटायचं, शुगर असून माणूस एवढं खातो कसं! मी त्यावरूनही भांडलेय ह्यांच्याशी.

नाही खाल्ले हो. एकही नाही. तीन वर्षांचे तुमचे नि तुमच्या लेकाचे रोट तुमच्याच पलंगाखाली ठेवलेत. सगळ्यात जुन्यांचा नुसता भुगा झालाय. पौर्णिमेच्या आत संपवायचा नेम! ज्या नेमापायी पाहुण्याच्या तोंडचा घास काढला, तोच नेम ह्या माणसानं तीनदा मोडला, आणि मला कळू दिलं नाही. मी तिथंच फरशीवर बसले. आधी हसू आलं, मग इतका संताप आला, आणि मग मी रडले. कशासाठी ते मला अजून नीट सांगता येत नाही.

फोटो पाठवायचा म्हणून डब्याचाच फोटो मेघाला पाठवला. ती म्हणाली, "आई, हेच मूळ आहे धुळीचं. लगेच फेका." चौदा दिवस तिचं प्रत्येक म्हणणं ऐकलं, हे एक ऐकवेना. डबा गच्चीवर उन्हात नेऊन ठेवला आणि खोली फिनाइलनं पुसून काढली.

हे आले. मी डबा पुढं ठेवला. म्हटलं, "हे काय?"

ह्यांनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "तो मना भाऊना वाटा शे."

"मग भावाला नेऊन का दिला नाही?"

"कोन्या तोंडनं देऊ?"

अहो, मला पुढं भांडताच येईना. मी सगळी तयारी करून बसले होते. पण मी गप्प राहिले तर हे सुधारणार नाहीत, म्हणून म्हटलं, तोंड लागत नाही, पाय लागतात. तुम्ही घास प्रेमराजचा काढला, ज्ञानेश्वरचा नाही. आधी तिकडे जा.

रात्री जेवले नाहीत. आज सकाळी दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि स्टेशनला निघाले. मी विचारलं, "कुठं?"

"दोंडाईचाले जाईसन येस."

"प्रेमराजकडे? कशाला?"

"जेवाले."

"बोलावलंय का त्यांनी?"

"कोनी नही."

आणि गेले. हातात काही नाही, टॉवेल-टोपी नाही, पेढ्याचा पुडा नाही. मी मागून ओरडले, अहो, निदान फोन तरी करून जा! वळले नाहीत. सत्तरीला आलेला माणूस न बोलावता त्या घरी जेवायला गेलाय, जिथल्या माणसाला ह्यांनी जेवू दिलं नव्हतं. त्यांनी ह्यांच्या पुढचं ताट उचललं तर मी प्रेमराजना काडीचाही दोष देणार नाही. चांगली अद्दल घडेल. पण मला इथं घास गिळवेना. दुपार टळली, ह्यांचा फोन नाही. मी केला तर बंद. चार्जिंग करून जायची अक्कल असती तर काय हवं होतं! तेव्हापासून बसून हे पत्र लिहितेय.

तुमचं सामान न्या म्हणून वर लिहिलंय ते खोडत नाही. पण पलंग राहू द्या. त्याचा पत्रा घासून, धुऊन उन्हात ठेवलाय. खोली रेवाला दिली तरी पलंग मावतो.

डब्याचं काय करायचं ते मात्र मला एकटीला ठरवता येत नाही. गाईला घालावेत असे रोट राहिलेले नाहीत, कचऱ्यात माझा हात जाणार नाही. तापीत सोडायचे तर ज्यांच्या नावाचे त्यांनी यायला हवं, आणि ज्यानं ठेवले त्यानं सोबत.

इथवर लिहिलं आणि फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. हेच होते, प्रेमराजच्या फोनवरून. मागं भांड्यांचा आवाज येत होता. मी म्हटलं, "काय झालं? बोला की!"   मग म्हणाले, "वाढलं." एवढंच. आणि ठेवून दिला.

भाऊ, हे पत्र पोचेपर्यंत रूपाला माहेरून सगळं कळलेलं असेल. तरी पाठवतेय, कारण फोनवर तुम्ही हं-हं करून सुटाल. प्रेमराजनं वाढलं. ज्याचा घास काढला होता, त्यानं वाढलं. आता तुम्ही कोणाच्या वतीनं रागावून बसणार? शनिवारी रूपाला आणि लेकाला घेऊन या. टेम्पो आणायची गरज नाही, एसटीनं या. आणि एक नीट ऐकून ठेवा. ह्यापुढं ह्या घरात तुमच्या वाट्याचं कोणी राखून ठेवणार नाही. येऊन खायचं.

अजून चिडलेलीच,
तुमची वहिनी
दिपमाला