झोपलेलं मशीन हलवू नये

१४ नोव्हेंबर १९९९, रविवार
अविनाशला बंगळूरला नोकरी लागली! पनवेलच्या अख्ख्या बिल्डिंगला पेढे मीच वाटले. दोन खाल्ले. उद्यापासून गोड बंद. ‘आम्ही पुढच्या रविवारी निघतोय,’ असं तो म्हणाला. ‘आम्ही’त मी आलेच.

१६ नोव्हेंबर
माझ्या मुलाच्या कॉम्प्युटरच्या पोटात आणखी एक मशीन आहे. दिसत नाही, पण आहे. जुना मराठी टायपिंगचा प्रोग्राम नव्यात चालत नाही, म्हणून पोटात जुनं बसवलंय. माझी लोणची, मसाले, नात वल्लरीच्या बारशाचा पाळणा, मी सांगितलेलं सगळं त्याने त्यात लिहून ठेवलंय. मी चौथी नापास, पण मला लगेच कळलं. सुनेला, रमाला, अजून नाही.
ते पोटातलं आता नव्या छोट्या कॉम्प्युटरात न्यायचंय. जुनं म्हणून टाकून जाईल असा माझा मुलगा नाही.

१७ नोव्हेंबर, दुपारी
दोन्ही कॉम्प्युटरांमध्ये वायर लावली. सव्वा तास. कोणी बंद करू नये म्हणून मी मेन स्विचखाली खुर्ची टाकून बसले. पोचलं, पण उठेना! अविनाशने कपाळाला हात लावला. म्हणाला, आई, झोपलेलं उचललं, तिथे चुकलं. आधी पूर्ण जागं करायचं, मग रीतसर बंद करायचं, मगच हलवायचं. मी म्हटलं, तान्हं पोरसुद्धा झोपेत परक्या घरी नेलं की भेदरतं. नशीब, इथलं पुसलं नव्हतं.
पुन्हा नेलं. या वेळी आधी मी दही-साखर ठेवली. उठलं! कैरीचं लोणचं शब्दन् शब्द आलं.

१९ नोव्हेंबर
बॅग भरली. सहा पातळं, स्वेटर. वल्लरी म्हणते, आजी, तिकिटं तीनच आहेत. वेडी पोर. म्हातारीला कोण तिकीट विचारतंय?
घरकामाची साळू फिसकन हसली. ‘आजे, तुला कोन नेतंय गो?’ जळते.
रमा म्हणाली, आधी आम्ही जाऊन बघतो. माझी खोलीच बघणार असेल. गोड सोमवारपासून बंद.

२१ नोव्हेंबर, रविवार
टॅक्सी चारला म्हणाले होते. जेवून जरा आडवी झाले. तीनला साळूने हलवलं. ‘आजे, टॅक्सी गेली. तुला उठवू नको बोलला. पोरगी लय रडली.’
बरोबरच आहे. झोप मोडली की मला चक्कर येते, अविनाशला ठाऊक आहे. फार जपतो. टेबलावर चिठ्ठी आहे: साळू सोबतीला राहील, फोन करतो. अक्षर लहानपणासारखंच, तिरकं.

२४ नोव्हेंबर
फोन आला. मी आधी मशीनचं विचारलं. ‘उठलं आई, जसंच्या तसं.’ मी कधी येऊ विचारलं, तर म्हणाला, साळू वेळेवर जेवायला देते ना? लाइन खराब असणार.
साळू म्हणते, बॅग उघड, पातळांना वास येईल.
नाही उघडणार. रीतसर बंद केलेली आहे.